घागर कोणी भरायची

आमच्याकडे भांडं नाव टाकल्याशिवाय घरात येत नाही. लग्नातली परात असो, बारशाची वाटी असो, की कुणाच्या उत्तरकार्याला वाटलेला तांब्या असो, त्यावर देणाऱ्याचं नाव बारीक ठिपक्यांनी कोरलेलं असतं. माझ्या जळगावच्या स्वयंपाकघरात अर्धीअधिक भांडी अशीच आहेत. दूरच्या एका मामेसासऱ्यांच्या स्मरणार्थ मिळालेल्या पेल्यातून मी रोज सकाळी ताक पिते. त्यांना मी कधी पाहिलेलंही नाही.

माझ्या मायने ही रीत उलटी केली. तिने स्वतः हिंडतीफिरती असताना घरातल्या सगळ्या भांड्यांवर घेणाऱ्यांची नावं टाकून घेतली. देणाऱ्याचं नाव कशाला, देणारा तर जातोच, असं तिचं म्हणणं. तेवढंच तिचं मृत्युपत्र झालं. कागदावरचं मृत्युपत्र व्हायचं राहिलं आणि ते माझ्यामुळे राहिलं. त्यात तिला एकच गोष्ट लिहायची होती. तिच्या नावावरचं वावर माझ्या भावजयीला, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या बायकोला, द्यायचं होतं.

हे वावर धरणगावपासून जवळच, आमच्या गावच्या नाल्यापलीकडे आहे. काळी जमीन, एक विहीर, बांधावर दोन निंब. माझे वडील गेले तेव्हा मी शाळेत होते आणि मायचं वय आजच्या मुलींच्या लग्नाचं असतं तेवढं होतं. आजोबा फार बोलणारे नव्हते. त्यांनी वाटणी करताना ते वावर सरळ तिच्या नावावर केलं. भाऊबंदांत कुरकुर झाली. पोरगी उद्या सासरी जाईल, बाई परवा माहेरी जाईल, मग जमीन कुणाची, असं लोक विचारत होते. माय कुठेच गेली नाही. कापूस, ज्वारी, तूर, पुन्हा कापूस, असं तिने आयुष्य काढलं. मला शिकवलं, डीएड केलं, जळगावात नोकरीवाल्या माणसाशी लग्न लावून दिलं. पुढे गुडघे गेले तेव्हा वावर चुलतभाऊ करू लागला, आणि मायचं सगळं भावजय करू लागली.

सगळं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण मी ते केलेलं नाही. सकाळी गुडघ्यांना तेल, अंघोळीचं पाणी, डोळ्यांच्या ऑपरेशननंतरचे थेंब, भाकरी दुधात कुस्करून देणं, मायची कुरकुर ऐकणं. शेवटच्या वर्षी तर रोजची अंथरुणं धुणंही. मी रविवारी फोन करायची. महिन्यातून एकदा केळी, बिस्किटं आणि सल्ले घेऊन जायची. पस्तीस वर्षं पोरांना शिकवल्यामुळे सल्ल्यांचा माझ्याकडे कधी तुटवडा नसतो. भावजय डोक्यावरचा पदर सावरत ते ऐकून घ्यायची आणि मी गेल्यावर तिला हवं तसं करायची. तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. एकदा तिच्या मुलीच्या ॲडमिशनसाठी माझी ओळख उपयोगी पडली असती, तेही मला नंतर तिसऱ्याकडून कळलं.

मायने वावराचा विषय पहिल्यांदा काढला तेव्हा आम्ही ओट्यावर शेंगा सोलत होतो. ती म्हणाली की वावर पोऱ्याच्या, म्हणजे चुलतभावाच्या, नावावर नको, तो भोळा आहे, कुणीही मिठी मारली की त्याच्या कागदावर जामीन राहतो. वावर त्याच्या बायकोच्या नावावर हवं. मग आजोबांनी तिच्यासाठी जे केलं होतं ते सांगितलं, जणू मला ते माहीतच नव्हतं. बाईच्या नावावर वावर असलं की तिला कुणी ‘जाय’ म्हणत नाही, असं ती म्हणाली. मी म्हटलं, बरोबर आहे माय, करून टाकू.

‘करून टाकू’ हे दोन शब्द फार वाईट. त्यांत होकारही असतो आणि काहीच नसतं.

मी चालढकल केली. आधी मला रिटायर व्हायचं होतं. मग माझ्या पेन्शनच्या कागदांची धावपळ. मग उन्हाळा, मायला गाडीत बसवून तालुक्याला रजिस्टर ऑफिसात न्यायचं म्हणजे ऊन लागेल. मग पाऊस. मग कापसाच्या वेचणीत भावजयीला यायला सवड नाही. माय दर भेटीला विचारायची, मी दर भेटीला नवं कारण द्यायची, आणि प्रत्येक कारण खरं असायचं. खोटं कारण दिलं असतं तर निदान मला स्वतःला तरी ते कळलं असतं.

शिवाय रजिस्टर ऑफिसात जायची गरजच नव्हती. आमच्या कॉलनीत एक वकील राहतात, त्यांनी सकाळच्या फिरण्यात मला सांगितलं होतं की मृत्युपत्राला साधा कागद पुरतो. आईचा अंगठा आणि दोन साक्षीदार असले की झालं. मी मान हलवली आणि विषय बदलून त्यांच्या गुलाबांचं कौतुक केलं. ओट्यावर बसून, शेंगा सोलता सोलता, अर्ध्या तासात ते काम झालं असतं. कागद माझ्या पर्समध्ये होता, पेन होतं, आणि अक्षर तर माझं जिल्ह्यात बक्षीस मिळवलेलं आहे.

मग मी का केलं नाही? नवऱ्याने एकदा जेवताना म्हटलं होतं की जळगावच्या रस्त्याचं काम होतंय, तिकडच्या जमिनी आता जमिनी राहिल्या नाहीत. मी त्याच्यावर उखडले. लोभी म्हणाले. पण ते वाक्य मी विसरले नाही, हेही खरं. आणि दुसरं कारण त्याहून लाजिरवाणं आहे. माय भावजयीला ‘मनी सून’, माझी सून, म्हणायची तेव्हा मला टोचायचं. साठीला आलेली बाई मी, घरी नातू, आणि मला आईच्या तोंडून सुनेचं कौतुक ऐकवत नव्हतं. वावर हा मायच्या आणि माझ्यामधला शेवटचा धागा आहे, तो भावजयीच्या हाती गेला की मी माहेरची पाहुणी, असं मला वाटायचं. मुद्दाम मी काही केलं नाही. पण मुद्दाम न करताही माणूस बरंच काही करतो.

मायला वाट पाहायची सवय होती, पण ती हातावर हात ठेवून पाहायची नाही. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी गेले तर अंगणात घरातली सगळी भांडी मांडलेली. माळ्यावरचा तांब्याचा हंडा, घंगाळ, पराती, डबे, गडू, कढया. मध्ये धरणगावच्या भांड्यांच्या दुकानातला नाव टाकणारा माणूस मशीन घेऊन बसलेला. मायने त्याला दिवसभरासाठी बोलावून घेतलं होतं. वायर खिडकीतून आत गेली होती, आणि लाइट गेली की माय त्याला चहा पाजायची.

मायला वाचता येत नव्हतं. ती एकेक भांडं हातात घ्यायची, फिरवून पाहायची आणि नाव सांगायची. घंगाळ मोठ्या नणंदेच्या सुनेला, कारण तिला त्यात पाय बुडवून बसलेलं मायने एकदा पाहिलं होतं. परात जावेच्या मुलीला. हंडा चुलतभावाच्या धाकट्या मुलीला, तिच्या लग्नात चमकवून द्यायचा. पुरणपोळीचं खापर मातीचं, त्यावर मशीन चालत नाही, म्हणून शेजारणीला हाक मारून तिच्या तोंडावर सांगितलं की हे तुझं. मशीन कर्र कर्र करत होतं. नाव बरोबर पडलं की नाही ते तपासायचं काम मायने माझ्याकडे दिलं. मी चष्मा लावून वाचत होते, एका ठिकाणी वेलांटी चुकली तर त्या माणसाला ओरडलेसुद्धा.

बरीच भांडी झाल्यावर माय माझ्याकडे वळली.

“तुले काय जोयजे, सांग. नाव टाकी देस.”

मी म्हटलं, “माले काही नही जोयजे, माय.”

हे मी तोऱ्यात म्हटलं. आमच्या फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार, आता पितळ कोण घासतं, असंही वर जोडलं. खरं तर मला वाटत होतं की तिने आग्रह करावा. नको नको म्हणावं आणि तिने एखादं भांडं पुढे सरकवावं, अशी माझी अपेक्षा होती. मायने आग्रह केला नाही. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मान हलवली, आणि कोनाड्यातली पितळी कळशी आणायला सांगितली.

ही कळशी रोज वावरात जायची. माय ती कमरेवर घेऊन जायची, विहिरीवर भरायची, निंबाखाली ठेवायची. कळशीच्या पोटाला जागोजाग पोचे होते. नाव टाकणारा म्हणाला, पोच्यावर अक्षर उठणार नाही. माय म्हणाली, मग गळ्यावर टाक. आणि भावजयीचं नाव सांगितलं. भावजय ओसरीत तांदूळ निवडत होती, चुलतभाऊ गोठ्याच्या दाराशी उभा होता. मायने आवाज मोठा करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “जिनी कळशी, तिनं वावर.”

जिची कळशी, तिचं वावर. भावजयीने सुपातून मान वर केली नाही. मशीन गळ्यावर फिरलं, मी नाव वाचलं, बरोबर आहे म्हटलं. त्याच क्षणी मी पर्समधला कागद काढायला हवा होता. साक्षीदार दारात उभे होते. मी पर्स उघडलीसुद्धा, आणि रुमाल काढून चष्मा पुसला.

माय माघात गेली. झोपेतच गेली, त्रास झाला नाही. भावजय सकाळी तेल घेऊन गेली तेव्हा कळलं. मला फोन आला तेव्हा पहिलं रडू आलं ते आईसाठी. दुसरा विचार कागदाचा आला, आणि तो फार लवकर आला. त्याची मला आजही शिसारी येते.

उत्तरकार्याच्या दिवशी सगळे जेवून उठल्यावर भांडी वाटायची होती. नावं वाचून दाखवायला मीच. एकेक भांडं उचलायचं, नाव वाचायचं, ती बाई पुढे यायची, भांडं डोक्याला लावायची, रडायची, न्यायची. वाटण्यांवरून डोकी फुटलेली घरं मी पाहिली आहेत, आमच्याकडे एका वाटीवरून शब्द झाला नाही. सगळे म्हणाले, बाई अंगठाबहाद्दर पण काम पक्कं करून गेली. शेवटी कळशी उरली. मी भावजयीचं नाव वाचलं. ती आली, तिने कळशी घेतली, मला वाकून नमस्कार केला आणि आत गेली. तिच्याही कानांत मायचं वाक्य होतं, माझ्याही. दोघींपैकी एकीने ते म्हणायचं तर ती मी असायला हवी होते. कार्याच्या दिवशी जमिनीचं कशाला, असं मी मनाला सांगितलं.

त्यानंतर जे झालं ते मला सगळ्यांत जड जातं. सातबाऱ्यावर वारस लावायचे होते. मायला वारस मी एकटी. मी त्यासाठी बोटही हलवलं नाही. चुलतभावानेच तलाठ्याकडे खेपा घातल्या. कागद वेळेत झालेला बरा, नंतर घोळ होतात, असं तो फोनवर म्हणाला. एके दिवशी तो जळगावला आला, तुरीची एक गोणी खांद्यावर घेऊन तीन जिने चढला, पाणी प्याला, आणि खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला सातबारा काढून माझ्या हातात दिला. त्यावर माझं नाव होतं. म्हणाला, नीट पाहून घे अक्का, नावात चूक नको. मी नीट पाहिलं. चूक नव्हती.

तो गेल्यावर नवरा म्हणाला, कायद्याने तुझंच आहे, त्यात वाईट काय वाटून घ्यायचं. तो वाईट माणूस नाही. पण सातबारा कपाटात साड्यांच्या खाली ठेवताना मला चोरीचा माल लपवल्यासारखं झालं. आमच्याकडे म्हणतात, कुंपणच शेत खातं. मायच्या शेताचं कुंपण मीच होते, तिची शिकलेली पोर. वर्गात ही म्हण मी किती वर्षं शिकवली, अर्थासकट, वाक्यात उपयोगासकट.

मी देणार होते. हे कुणाला पटणार नाही, पण मी मनात रोज देत होते. बक्षीसपत्राची चौकशीही केली. मग नातवाचं आजारपण निघालं, मग परीक्षा, मग लगीनसराई. चालढकल माझी पाठ सोडत नव्हती. फक्त आता मला विचारायला माय नव्हती.

चैत्र सरला आणि आखाजी आली. बाहेरच्यांना अक्षय्य तृतीया म्हणजे सोनंखरेदी वाटते. आमच्याकडे आखाजी म्हणजे सासुरवाशिणींनी माहेरी यायचं आणि घरातल्या गेलेल्या माणसांना पाणी पाजायचं. मातीची घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, आंबा आणि सांजोऱ्या ठेवायच्या, गेलेल्याचं नाव घ्यायचं. त्या पाण्यावर त्याचं वर्ष निघतं. शेतीचं वर्षही तेव्हाच सुरू होतं, कोण कुणाचं वावर करणार ते त्याच दिवसांत ठरतं. मायची ही पहिली आखाजी.

आखाजीच्या काही दिवस आधी भावजयीचा फोन आला. ती स्वतःहून फोन करत नाही, म्हणून मी घाबरले. तिने माझी, नातवाची, नवऱ्याची चौकशी केली. मग थांबली. मग पाठ केल्यासारखं बोलली.

“अक्का, मायनी घागर तुम्ही भरशात का मी भरू? बठ्ठा म्हंतस, जेनं वावर, तेनी घागर.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा मला ओळखता येतो, मी टीचर्स रूममध्ये आयुष्य काढलं आहे. ती खरंच विचारत होती. ज्याचं वावर त्याची घागर, सगळे म्हणतात ते खरं, रीत तशीच आहे. जो वाटा घेतो तो घागर भरतो, पाण्याचं देणं जमिनीबरोबर येतं. आता वावर माझं, तर घागर माझी. पण मी लेक. मी सासरी सासऱ्यांची, आजेसासऱ्यांची घागर भरते, माहेरची घागर सासरच्या उंबऱ्यात भरता येत नाही. आणि माहेरच्या उंबऱ्यात ती भरायची जिने, तिच्याकडे वावर नाही. म्हणजे दोन्ही घरांत मायसाठी पाणी नव्हतं. मी या गोष्टी मानते का? विज्ञान शिकवलं आहे मी. पण त्या रात्री मला निंबाखाली बसलेली माय दिसत राहिली, कळशीत हात घालून पाहणारी.

मी फोनवर म्हटलं, मी येते, मग पाहू. म्हणजे पुन्हा तेच.

आखाजीला मी एकटी गेले. सातबारा पर्समध्ये होता. उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. गावात निंबाला झोके बांधले होते, पोरी गाणी म्हणत होत्या. घरात शिरले तर उंबऱ्यापाशी जागा सारवून घेतलेली, गव्हाच्या लहानशा राशीवर नवी लाल घागर ठेवलेली. शेजारी ताटात सांजोऱ्या, आंबे, मोठं डांगर. चुलीत निखारे तयार होते. चुलतभाऊ टोपी घालून पाटावर बसला होता. बाकीच्यांच्या घागरी भरून झाल्या होत्या, आजोबांची, आजीची, माझ्या वडिलांची. मायची घागर कोरडी होती. दुपार टळायला आली तरी कुणी जेवलं नव्हतं. सगळे माझीच वाट पाहत होते.

चुलतभाऊ उठला. लहानपणी मी याला कडेवर घेऊन हिंडवलं आहे, वावरात याच्या पायातला काटा काढला आहे. तो माझ्यासमोर हात पुढे बांधून उभा राहिला. सालदार मालकापुढे उभा राहतो तसा.

“अक्का, औंदा वावर आम्हीच करूत का? तू म्हणशी तसं. तुले दुसरं कोणी पाहेल व्हई तर सांग.”

याच्याहून मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मायने ज्याच्या देखत ते वाक्य म्हटलं होतं, तो माणूस तेच वावर कसायची परवानगी मला विचारत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नाराजीसुद्धा नव्हती. कागद माझ्या नावावर होता आणि कागद त्यानेच आणून दिला होता, इतकं सरळ होतं ते त्याच्यासाठी.

मी भावजयीकडे वळले. ती कोनाड्यापाशी उभी होती, कळशी तिच्या पायाशी. मी म्हटलं, “घागर तू भर. वावर तुझं शे.” मायचं नाव घ्यायला हवं होतं, तिचं वाक्य म्हणायला हवं होतं, तेही राहिलं. मग सातबारा काढून मी घागरीशेजारच्या ताटापाशी ठेवला, आणि सोमवारी आपण दोघी ऑफिसात जायचं, असं सांगितलं. या वेळी वार सांगितला. करून टाकू म्हटलं नाही.

 भावजयीने कळशी कमरेवर घेतली, मागच्या हौदावरून भरून आणली आणि धार धरून घागरीत पाणी ओतलं. कोरड्या मातीने पहिलं पाणी पिऊन टाकलं, त्याचा आवाज आला. मग पातळी वर आली. चुलतभावाने मायचं नाव घेतलं, निखाऱ्यावर घास टाकला. मला तेव्हा हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वैशाख उजाडेपर्यंत मी मायला थांबवलं होतं.

सोमवारी बक्षीसपत्र झालं. कागद लिहिणाऱ्याने नेहमीच्या ओळी टाकल्या, की लिहून देणार हिने प्रेमापोटी व राजीखुशीने ही मिळकत दिली आहे. मी त्याला म्हटलं, हे माझं नव्हतंच, आईचं म्हणणं होतं, तसं लिहा. तो हसला. म्हणाला, मॅडम, तसं लिहिता येत नाही, जे नावावर नाही ते देता येत नाही. मी सही केली. माझं बक्षीस मिळवलेलं अक्षर.

गावात मात्र माझा उदोउदो झाला. बाजाराला निघालेले एक नाना रस्त्यात थांबून म्हणाले, आजकाल बहिणी कोर्टात जातात, आणि तू दिलंस, मन मोठं पोरी. शेजारणीने माझी दृष्ट काढली. एका आबांनी तर पोरासोरांना बोलावून माझ्या पाया पडायला लावलं. मी नाही म्हटलं, एकदा, दोनदा. दर वेळी त्यांना तो माझा विनय वाटला. जे चोरून ठेवलं होतं ते परत दिलं, तर लोक दानशूर म्हणतात. त्यांना खरं सांगायला तोंड उघडलं की मीच आणखी मोठी होत गेले, म्हणून शेवटी गप्प बसले. ते गप्प बसणंही काही बरं नव्हतं.

निघायच्या दिवशी भावजय मला डब्यात सांजोऱ्या बांधून देत होती. घरात आम्ही दोघीच होतो. मी तिला विचारलं की फोनवर तसं विचारायचं धाडस तुला कसं झालं. मला खरंच नवल वाटत होतं. माझ्याकडे कधी चमचाभर साखर न मागणारी बाई, तिला ‘जेनं वावर, तेनी घागर’ हे सुचलं कसं?

तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. सांगावं की नाही, असा तिचा चेहरा झाला. मग म्हणाली की ते तिचं नव्हतंच. नाव टाकणारा गेला त्याच रात्री मायने तिला जवळ बसवून सांगून ठेवलं होतं.

“माय म्हने, मनी घागर तिले इचारल्याबिगर भरू नको. मी तिशी ऱ्हायनू तरी चाली.”

तहानलेली राहिले तरी चालेल. म्हणजे मी पर्समधून कागदाऐवजी रुमाल काढला तो मायने पाहिला होता. ‘माले काही नही जोयजे’ यातला तोराही तिला कळला होता, आणि पुढे मी काय करणार तेही. ती मला ओरडली नाही, रडली नाही, तिने वकील केला नाही. तिच्याजवळ देण्यासारखं सगळं तिने वाटून टाकलं होतं. मागे राहिलं होतं फक्त मेल्यानंतरचं तिचं घोटभर पाणी, आणि ते तिने माझ्याजवळ गहाण ठेवलं.

भावजयीने डबा माझ्या पिशवीत घातला. अक्का, रडू नका, भरली ना आता घागर, असं ती म्हणत होती. पुढच्या वर्षी मी पुन्हा माहेरी जाणार आहे. ती बोलावणारच. घागर तीच भरेल, आणि मी उंबऱ्याशी बसून पाहीन.